पेट ग्रूमिंग व्हॅक्यूम: केस गेले, अण्णांचा खोकला राहिला

किंमत साडेसात हजारांच्या घरात. खोक्यावर हसऱ्या गोल्डन रिट्रीव्हरचा फोटो, त्याच्या गळ्यात हात टाकून बसलेलं गुटगुटीत बाळ आणि खाली ठळक अक्षरांत ‘अ‍ॅलर्जीमुक्त घर’. माझं भांडण आहे ते या शेवटच्या दोन शब्दांशी. बाकी यंत्र तसं कामाचं आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑनलाइन बघाल तर एकाच साच्यातून काढल्यासारखी अशी पाच-सहा यंत्रं दिसतील, फक्त रंग आणि नाव वेगळं. डब्यासारखी मोटर, दीड लिटरची कचऱ्याची टाकी, एक लवचिक नळी आणि नळीला लावायची चार-पाच तोंडं: एक साधा ब्रश, एक सुटे केस ओढून काढणारा पात्याचा कंगवा, एक केस कापायचं मशीन, एक सोफ्यासाठी आणि एक सांदीकोपऱ्यासाठी. ब्रश फिरवायचा आणि सुटलेला केस तिथल्या तिथे नळीत, अशी कल्पना.

आमच्याकडे बंड्या आहे. लॅब्रॅडोर. ज्यांच्या घरी लॅब आहे त्यांना पुढचं सांगायला नको. या जातीला दुहेरी कोट असतो, वर राठ केस आणि खाली दाट मऊ लव. सोलापूरचं ऊन मार्चपासूनच डोक्यावर बसतं आणि ही लव सुटायला लागते. मग वरणात केस, इस्त्रीच्या कपड्यांवर केस, देवघरातल्या वातीलाही केस. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करते. दिवसभर टॉवेलचं तूस अंगावर घेऊन घरी यायचं आणि दार उघडलं की बंड्या अंगावर उडी मारून त्यावर स्वतःचा थर चढवणार. आमच्या ह्यांचं म्हणणं, तुझी साडी काळी असो की लाल, संध्याकाळी ती करड्या रंगाचीच दिसते.

पण केसांच्या पसाऱ्यासाठी एवढे पैसे मी घातले नसते. घातले ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जुना खोकला आहे, जिना चढताना धाप लागते, पहाटे छातीत शिट्टी वाजते. आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेऊन एकच निदान करतो: “कुत्र्याचे केस छातीत जातात हो. काढा ते कुत्रं.” काहींच्या मते तेच केस पोटात जाऊन गाठ होते. शेजारच्या काकूंना तर नुसत्या केसांनी रेबीज होतो की काय, अशी शंका होती.

यंत्र आलं त्या दिवशी मी बंड्यावर ब्रश फिरवत होते, तेव्हा काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, “काय चाललंय ओ वैनी, कुत्र्याला झाडू मारलालाव का?” अण्णा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, “मिलमध्ये माणसांना असलं मशीन नव्हतं, कुत्र्याला आलंय.”

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी यंत्राचं बोलू. आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण कुत्र्याच्या कानाला कमी नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा बंड्या दिवाणाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. मग यंत्र शेजारच्या खोलीत नुसतं चालू ठेवायचं आणि इकडे त्याला कडक भाकरीचे तुकडे द्यायचे, असं केलं. पुढे नळी न जोडता ब्रश अंगावरून फिरवला. त्यानंतर सगळ्यात कमी वेगावर नळी. घाई केली तर कुत्रं यंत्राला जन्मभर घाबरेल, एवढं सांगून ठेवते. तीन वेग आहेत. पहिल्या वेगावर पाठ आणि कुशी आरामात होतात, शेपटीजवळ दुसरा लागतो. तिसरा वेग फक्त सोफ्याला वापरावा.

पात्याचा कंगवा हे यातलं सगळ्यात उपयोगी तोंड आणि सगळ्यात धोक्याचंही. खालची लव तो भसाभस काढतो. टाकी बघता बघता भरते आणि आपल्याला चेव चढतो. तोच तोच भाग पुन्हा ओढला की कातडी लाल होते. हात हलका ठेवायचा, केसांच्या दिशेनेच ओढायचं आणि कोपर, पोट, कान सोडून द्यायचे. केस कापायचं मशीन मी पिशवीतून काढलंसुद्धा नाही. उन्हाळा आहे म्हणून लॅबचे किंवा पॉमेरेनियनचे केस भादरून टाकणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत, पण दुहेरी कोटाच्या कुत्र्याला ते केस उन्हापासूनही वाचवतात. कुत्रं अंगभर घाम काढून गार होत नाही, जीभ बाहेर काढून धापून होतं. त्याला सावली आणि पाणी द्या, वस्तरा नको.

केस गोळा करण्यात हे यंत्र उत्तम आहे. फरशीवर उडणारे पुंजके खूपच कमी झाले, सोफ्याचे हात पुन्हा त्यांच्या मूळ रंगाचे दिसू लागले. पार्लरमध्ये एका वेळी हजारभर रुपये जातात, तो हिशेब धरला तर वर्षभरात पैसे सुटतात. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती टाकी रिकामी करताना. झाकण उघडलं की वरचा केसांचा गोळा छान एका तुकड्यात निघतो, आणि त्याच्या खालून पिठासारखी बारीक पांढरट भुकटी भस्सकन तोंडावर येते. त्रास देणारी चीज तीच भुकटी. केस नव्हे.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण खोक्यावर ते कुठेच लिहिलेलं नाही. प्राण्यांची अ‍ॅलर्जी ही केसांची अ‍ॅलर्जी नसते. ती त्यांच्या शरीरातल्या प्रथिनांची असते. कातडीचे मेलेले सूक्ष्म पापुद्रे, म्हणजे आपल्या भाषेत कोंडा, आणि लाळ, लघवी यांत ही प्रथिनं असतात. कुत्र्यातल्या मुख्य प्रथिनाला शास्त्रात कॅन-एफ-वन आणि मांजरीतल्या प्रथिनाला फेल-डी-वन म्हणतात. कुत्रं अंग चाटतं, लाळ केसाला लागते, वाळते, तिचे कण सुटतात. केस हे फक्त त्याचं वाहन. केस जड असतो, खाली पडतो, डोळ्यांना दिसतो, झाडून काढता येतो. कोंड्याचे कण इतके बारीक की काही तर तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर सरळ खाली छातीत उतरतात. म्हणून घर दिसायला स्वच्छ आणि नाक मात्र वाहतंय, असं होतं.

यावरून दुकानदारांची ती ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ जातींची गोष्टही मोडीत निघते. शित्झू घ्या, पूडल घ्या, केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होणार नाही, असं सांगून दुप्पट पैसे घेतात. केस कमी गळतील, खरं आहे. पण अशा जाती असलेल्या घरांतली धूळ तपासली तेव्हा कुत्र्याचं प्रथिन इतर घरांपेक्षा कमी सापडलं नाही. आमच्या गल्लीत एकांकडे कारवान जातीचा कुत्रा आहे, चकचकीत आखूड केसांचा, अंगावरून हात फिरवला तर हाताला एक केस लागणार नाही. त्यालाही कातडी आहे आणि लाळही आहे.

तर मग या यंत्राचा फिल्टर ती भुकटी अडवतो का? हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर. खऱ्या हेपाचं माप ठरलेलं असतं: ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने धरले पाहिजेत. आमच्या खोक्यावर ‘हेपा टाइप’ लिहिलंय. म्हणजे हेपासारखा, खरा हेपा नव्हे. या ‘टाइप’ शब्दात सगळं आलं. मी एक साधी परीक्षा केली. काळ्या ब्लाउजपीसचा तुकडा घेतला आणि मोटरीची हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीवर रबरबँडने ताणून बसवला. बंड्याची एक पूर्ण बैठक झाल्यावर तुकडा सोडवून खिडकीच्या उजेडात धरला. जाळीच्या भोकांची अख्खी नक्षी पांढऱ्या ठिपक्यांनी कापडावर उमटली होती, आणि झाकणाच्या रबराच्या बाजूला तर सरळ एक रेघ. म्हणजे फिल्टर थोडं सोडत होता आणि झाकणाच्या फटीतून त्याहून जास्त येत होतं. दिसणारे कण एवढे, तर न दिसणारे किती असतील याचा विचार करा. केस टाकीत, कोंडा पुन्हा खोलीत.

म्हणून आता आम्ही यंत्र अंगणातच वापरतो. टाकी उघडण्याआधी मास्क, आणि ओल्या वर्तमानपत्रावर ती हळूच पालथी घालायची. हे काम अण्णांनी किंवा लेकीने करायचं नाही. अंगण नसलेल्या फ्लॅटवाल्यांना गॅलरी वापरावी लागेल, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी कपडे वाळत घातले असतील तर त्यांच्याशी संबंध बिघडायची तयारीही ठेवावी लागेल.

आता अण्णांकडे येऊ. त्यांची उभी हयात मिलच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या विभागात गेली. भोंगा झाला की आत आणि पुढचा भोंगा होईपर्यंत रुईच्या धुळीत. ते सांगतात, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून यायची, मग आठवडा सरेल तशी सैल व्हायची. सगळ्यांनाच व्हायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. छातीच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि लिहिणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि ‘सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त’ ही त्याची ओळखीची खूण आहे. वर्षानुवर्षं ती धूळ आत गेली की फुप्फुसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. सोलापुरात अशी किती घरं आहेत जिथे म्हातारा माणूस खोकतोय आणि बोल कुत्र्या-मांजरांना लागतोय, देव जाणे.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी केली. मग त्वचेची चाचणी. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा, प्रत्येक खुणेपाशी वेगळ्या द्रावाचा थेंब, त्यावर सुईने हलकं टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटं बसायचं. सर्दी-खाजेच्या गोळ्या त्याआधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्या चालू असतील तर चाचणी फसवते. अण्णांच्या हातावर कुत्र्याच्या थेंबाखाली बारीकशी गांधी उठली. शेजारी धुळीतल्या किड्यांच्या थेंबाखाली मात्र चांगली चवलीएवढी.

हे किडे म्हणजे डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट्स. गादी, उशी, गोधडी यांत राहतात, आपल्याच कातडीचा कोंडा खातात आणि त्यांना दमटपणा लागतो. सोलापूरची हवा कोरडी, म्हणजे इथे ते कमी असायला हवेत. पण अण्णांच्या खोलीत उन्हाळाभर पाण्याचा कूलर चालतो, खिडक्या बंद करून. त्यांची जुनी कापसाची गादी आणि वर दोन जाड चादरी. किड्यांना आम्ही वाळवंटात बंगला बांधून दिला होता. आता चादरी साठ अंशांच्या पाण्यात धुतो, गादीला बंद खोळ घातली आणि कूलर लावला की खिडकी उघडी. खर्च यंत्राच्या एक पंचमांशही नाही आणि फरक त्याच्यापेक्षा जास्त.

बंड्याला डॉक्टरांनी घराबाहेर काढायला सांगितलं नाही. त्याचा वाटा थोडा आहे, पण आहे, असं म्हणाले. त्याने अण्णांच्या खोलीत झोपायचं नाही एवढं ठरलं. हे ठरवणं सोपं गेलं, अण्णांना पटवणं नाही. आणि रोजचा पंप, म्हणजे इनहेलर. “पंपाची सवय लागते” म्हणून अण्णा तो उशीखाली लपवायचे. पंप हे दम्याचं व्यसन नव्हे, औषध थेट जागेवर आणि कमी मात्रेत पोचवायची सोय आहे, हे सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी नातीने सांगितलं तेव्हा ऐकलं.

दम्याचा त्रास जास्त असेल आणि चाचणीत कुत्रं किंवा मांजर ठळक आलं असेल, तर मात्र कुठल्याही यंत्रावर विसंबू नका. अशा घरात प्राणी ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. मांजरीचं प्रथिन तर भारी चिवट. मांजर घरातून गेल्यावरही कित्येक महिने सोफ्यात, पडद्यांत राहतं, आणि कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरांत, शाळांतही पोचतं. कुत्र्याला अंघोळ घातली की अंगावरचं प्रथिन कमी होतं, पण काही दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे खरा फायदा हवा तर आठवड्यातून दोनदा अंघोळ. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आमच्या शहरात हा सल्ला ऐकून मी नुसती हसले. पाण्याच्या दिवशी आधी पिंप, मग टाकी, मग माणसं आणि उरलं तर बंड्या.

पाहुण्यांच्या बाकीच्या शंकाही पशुवैद्यांना विचारून घेतल्या. चुकून गिळलेला एखाद-दुसरा केस पोटात गाठ करत नाही, तो आला तसा बाहेर जातो. पण ही समजूत अगदी हवेतून आलेली नाही. कुत्र्याच्या आतड्यात एक लहानसा फीतकृमी असू शकतो, एकायनोकॉकस नावाचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मागच्या केसांना चिकटू शकतात, आणि आपल्या हातातून पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते. कुत्र्याला हा कृमी मिळतो तो शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे आतडे-कलेजे खाऊन. म्हणजे खाटकाच्या दुकानामागे कुत्र्याला फुकटची मेजवानी देणाऱ्यांनी सांभाळावं. जंताचं औषध वेळेवर, मांस शिजवून, आणि कुत्र्याला हात लावला की जेवणाआधी साबणाने हात. रेबीज लाळेतून पसरतो, चावा किंवा ओरखडा हवा, किंवा जखमेवर चाटणं. गळालेल्या केसातून नाही. लस मात्र दर वर्षी चुकवू नका.

केसांवरून खरोखर पसरणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गजकर्ण. ही बुरशी थेट केसातच वाढते आणि तुटलेल्या केसांवर महिनोन्‌महिने जिवंत राहते. लेकीने गल्लीतलं मांजराचं पिल्लू मांडीवर घेतलं होतं. पुढे तिच्या दंडावर गोल चट्टा उठला, कडेला लालसर उंचवटा आणि मध्ये कातडी जवळजवळ साफ. पिल्लाच्या कानामागे तसाच रुपयाएवढा टकलाचा ठिपका. त्वचेच्या डॉक्टरांचं मलम बरेच आठवडे लावावं लागलं. औषधाच्या दुकानातून भलतंच स्टेरॉइडवालं मलम आणून लावलं असतं तर चट्टा आधी फिकट होऊन मग पसरला असता. म्हणून काकूंनी त्यांच्या पर्शियन मांजरीसाठी आमचं यंत्र दोन दिवस मागितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. वाईट वाटलं त्यांना. पण ब्रश, कंगवा, नळी हे एका प्राण्याचं दुसऱ्याला लावायचं नसतं. पार्लरमध्ये नेत असाल तर तिथेही ब्रश कसे धुतात ते डोळ्यांनी बघा.

मग घ्यावं का? घरात कुणाला श्वासाचा त्रास नाही, कुत्रं दाट केसांचं आहे, बाहेर बसायला जागा आहे आणि केस झाडून कंबर मोडली आहे, त्यांनी जरूर घ्यावं. केसांसाठी मी पाचपैकी चार तारे देईन. अ‍ॅलर्जीसाठी एक, तोही अंगणात वापरलं तर. आखूड केसांच्या कुत्र्याला तीनशे रुपयांचा रबरी हातमोजा पुरतो. सोफ्यावरचे केस काढायला भांडी घासायचा रबरी मोजा जरासा ओला करून एकाच दिशेने ओढा, केसांची वळकटी निघते. फरशीला कोरडा झाडू मारण्याआधी ओलं फडकं फिरवा, नाहीतर खाली बसलेला कोंडा झाडूने पुन्हा नाकाच्या उंचीवर येतो. आमच्या कामाच्या मावशींना ही उलटी पद्धत अजून पटलेली नाही.

आणि घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी सुटा फिल्टर मिळतो का ते विचारा. खोक्यात एकच येतो. तो धुता येतो, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर तो दुपारपर्यंत खडखडीत होतो, पण पावसाळ्यात दोन दिवस ओलसर राहिला आणि मग पुढच्या प्रत्येक बैठकीला कुबट वास. दुसरा फिल्टर मागवायला कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर ‘स्टॉक आला की कळवतो’ म्हणाले. अजून कळवलेलं नाही.